असं का होतं? : ठिपका नदीत कसा गेला?

काका नर्मदा परिक्रमेला पायी निघालेत आणि घरचे त्यांचं लाइव्ह लोकेशन बघताहेत. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, तरी एखाद्या दुपारी ठिपका थेट पात्रात दिसतो. वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत तर तो तासन्‌तास जागचा हलत नाही. काकूंचा जीव टांगणीला!

या दोन्हींची कारणं वेगळी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. फोन रेडिओसारखा फक्त ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून तो प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते. चौथा लागतो तो फोनच्या घड्याळातली चूक काढायला. कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही अंतरात ३०० मीटरचा फरक पाडते.

दरीत काही संदेश कड्यावर आपटून, वळसा घेऊन पोचतात. त्यांना किंचित उशीर होतो, फोनला अंतर जास्त वाटतं आणि ठिपका नदीत सरकतो.

न हलणाऱ्या ठिपक्याचं कारण जमिनीवर आहे. काका कुठे आहेत हे त्यांच्या फोनला कळतं, पण ते घरी कळवायला मोबाइलचा टॉवर लागतो. तो टप्प्यात नसला की नकाशावर शेवटची जागाच दिसत राहते. म्हणून ठिपक्याआधी त्याची वेळ बघावी. ती जुनी असेल, तर काका थांबलेले नाहीत, बहुधा फक्त रेंज गेलेली आहे.