श्रद्धा, मनःस्वास्थ्य आणि लोकव्यवहार : पंडिता रमाबाईंच्या जीवनातील एक प्रश्न

धर्मश्रद्धेमुळे व्यक्तीच्या मनाला स्वास्थ्य लाभते काय, आणि त्या श्रद्धेचा समाजाच्या व्यवहारावर कोणता परिणाम होतो, हे दोन प्रश्न अभ्यासाच्या सोयीसाठी बहुधा वेगळे केले जातात. पहिला मानसशास्त्राकडे जातो, दुसरा समाजशास्त्राकडे. विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरा येथे दिलेल्या व्याख्यानांत व्यक्तीच्या अंतरंगातील अनुभवालाच धर्माचे मूळ मानले. चर्च, पुरोहित व पंथ यांचा विचार त्यांनी हेतुतः बाजूस ठेवला. उलट एमिल दुर्खीम यांनी आत्महत्येवरील १८९७ च्या ग्रंथात प्रॉटेस्टंट प्रदेशांत आत्महत्यांचे प्रमाण कॅथलिक प्रदेशांहून अधिक असल्याचे दाखविले. आत्महत्या दोन्ही पंथांना सारखीच निषिद्ध असल्यामुळे या भेदाचे कारण त्यांनी सिद्धांतात न शोधता समुदायाच्या घट्ट वा सैल बांधणीत शोधले. श्रद्धा आणि आरोग्य यांच्या संबंधाविषयी अलीकडे, विशेषतः अमेरिकेत, जे दीर्घकालीन अभ्यास झाले आहेत, त्यांतही एकांतातील धर्माचरणापेक्षा सामुदायिक उपासनेतील नियमित सहभागाशीच मनःस्वास्थ्याचा संबंध अधिक स्पष्टपणे आढळतो. मात्र यांपैकी कारण कोणते आणि कार्य कोणते, याविषयीचा वाद मिटलेला नाही.

ख्रिस्ती श्रद्धेच्या बाबतीत ही वाटणी फार काळ टिकत नाही. तिचे कारण त्या धर्माच्या दोन मूलभूत कल्पनांत आहे. पहिली तारणाची. तारण हे मनुष्याच्या पुण्याईचे फळ नसून देवाच्या कृपेचे दान आहे, ही शिकवण, विशेषतः प्रॉटेस्टंट परंपरेत, मध्यवर्ती आहे. पापपुण्याच्या जमाखर्चात गुंतलेले मन या शिकवणीने एका भारातून मुक्त होते आणि त्याची मोकळी झालेली शक्ती सेवेकडे वळते. दुसरी कल्पना साक्षीची. ज्याला हे दान मिळाले त्याने ते लपवून ठेवू नये, आपल्या वाणीने आणि वर्तनाने त्याची साक्ष द्यावी, अशी अपेक्षा असते. साक्ष ही एकांतात देता येत नाही. तिला ऐकणारा लागतो. म्हणजे मनाची शांति आणि लोकांपुढील आचरण यांचा सांधा या धर्मात आतूनच जुळलेला आहे. हा सांधा एखाद्या जीवनात किती फलद्रूप होतो आणि किती महागात पडतो, याचे पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून प्रथम पत्नीला व पुढे मुलीला संस्कृत शिकविले. तीर्थाटन आणि पुराणकथन यांवर चालणाऱ्या या कुटुंबाची दुष्काळाच्या वर्षांत अन्नान्नदशा झाली. आईवडील आणि थोरली बहीण दगावली. राहिलेली भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथे 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, परंतु श्रद्धा आधीच ढासळली होती. व्रते, उपवास, दाने करूनही दैवते धावून आली नाहीत, हे त्यांनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात स्पष्टपणे लिहिले आहे. त्यातच केशवचंद्र सेन यांच्या सूचनेवरून वेदांकडे आणि धर्मशास्त्राकडे वळल्यावर त्या ग्रंथांतील स्त्रीचे स्थान पाहून त्यांच्या मनाला दुसरा धक्का बसला. १८८० मध्ये भाऊ वारला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधवी गेले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. त्याच वर्षी पुण्यास त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री वैद्य व शिक्षिका यांची आवश्यकता मांडली. सार्वजनिक कार्याची त्यांची ओढ धर्मांतराच्या आधीची आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लेखनाचा वाटा होता. तथापि त्यांनी स्वतः ज्या प्रसंगाला महत्त्व दिले तो तर्काचा नाही. लंडनमधील फुलम येथे वाँटेजच्या भगिनींनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने टाकले त्यांना या स्त्रिया मायेने का वागवितात, असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली. म्हणजे येथे श्रद्धेतून सेवा निघाली नाही. सेवा पाहून श्रद्धा उपजली. श्रद्धेपासून लोकसेवेकडे असा एकाच दिशेचा प्रवास गृहीत धरणाऱ्या अभ्यासकाने हा प्रसंग दृष्टीआड करू नये.

बाप्तिस्म्याने मनाला विश्रांती मात्र मिळाली नाही. पुढील दोन वर्षांतील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचला म्हणजे नवदीक्षितेच्या सांप्रदायिक नम्रतेची अपेक्षा करणाऱ्यास आश्चर्य वाटेल. त्रैक्याचा सिद्धांत, अँग्लिकन चर्चचा अधिकार, शाकाहार सोडण्याचा प्रश्न, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत हा प्रश्न, यांपैकी प्रत्येक बाबतीत रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी गहाण टाकण्यास नकार दिला. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, याला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती अपमानास्पद मानली. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसरीच्या जोखडाखाली मान द्यायची नाही, असा त्यांचा आशय होता. विवेकाचे स्वातंत्र्य हाच ज्या धर्माचा लाभ त्यांना वाटला, त्या धर्माच्या अधिकाऱ्यांविरुद्ध त्यांनी ते प्रथम वापरले.

१८८७ मध्ये अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदु स्त्रीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना होऊन दहा वर्षे साहाय्य करण्याचे आश्वासन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. संस्थेचे धोरण धर्मनिरपेक्ष होते. विधवांना शिक्षण द्यावे, त्यांच्या जातीचे आचार त्यांना पाळू द्यावेत, धर्मोपदेश करू नये; ग्रंथालयात मात्र सर्व धर्मांचे ग्रंथ असावेत. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. सारांश, ख्रिस्ती स्त्री, हिंदु विद्यार्थिनी, अमेरिकन द्रव्य आणि सुधारकांची देखरेख, असा हा एक अपूर्व मेळ होता.

या मेळाला तडा कशाने गेला? बहुतेक चरित्रांत याचे उत्तर 'धर्मांतराची भीती' असे एका शब्दात दिले जाते. ते अपुरे आहे. १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, रमाबाईंच्या अंतरंगात मोठे परिवर्तन घडले. आतापर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाने त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. जेम्स यांनी धार्मिक वृत्तीचे दोन प्रकार सांगितले : एक जन्मतःच प्रसन्न, दुसरी दुःखाच्या गर्तेतून पुन्हा जन्मणारी. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी 'दोनदा जन्मलेले' असे म्हटले. ('द्विज' या शब्दाचा मराठी वाचकाला परिचित असलेला अर्थ येथे अर्थातच अभिप्रेत नाही, डोंगरेशास्त्र्यांच्या कन्येला हा योगायोग गमतीचा वाटला असता.) या अनुभवाने रमाबाईंना प्रथमच स्थिर समाधान दिले. आणि ज्या मनाला समाधान मिळाले ते साक्ष दिल्यावाचून राहू शकत नव्हते.

साक्षीचे स्वरूप अगदी साधे होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत; खोलीचे दार उघडे असे. सदनातील काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते, तसेच कोणी परतही पाठविले नाही. वाद पेटला तो या उघड्या दारावरून. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. रानडे आणि भांडारकर यांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदु मुलींना सदनात पूजाअर्चा करण्याची मोकळीक असता आपणच दार लावून का प्रार्थना करावी? टीकाकारांचे म्हणणे असे की, निराधार बालविधवेच्या संमतीला संमती म्हणता येत नाही.

दोन्ही पक्षांत तथ्य होते, आणि म्हणूनच या प्रसंगाचे महत्त्व टिकून आहे. सल्लागारांनी धर्म हा एखाद्या अभ्यासविषयासारखा मानला होता. वेळापत्रकातून तो वगळला की संस्था निरपेक्ष झाली, अशी त्यांची समजूत. परंतु सासरी केशवपन आणि उपासमार भोगून आलेल्या मुलीला ज्या बाईने जवळ बसवून जेवू घातले, त्या बाईच्या मुखावरील समाधान हाच त्या मुलीच्या दृष्टीने सर्वांत मोठा धर्मोपदेश होता. तो कोणत्याही नियमावलीने वगळता येण्यासारखा नव्हता. उलट, ज्या ठिकाणी आश्रय देणारा एकच आणि घेणाऱ्यास अन्यत्र दार नाही, तेथे प्रेमाचेही दडपण होते, ही शंका रमाबाईंनी पुरेशा गांभीर्याने घेतली असे दिसत नाही. आपल्या विवेकस्वातंत्र्यासाठी बिशपांशी झगडणाऱ्या स्त्रीला आपल्या छायेत वाढणाऱ्यांची अडचण जाणवू नये, हे विलक्षण आहे.

या वादातून महाराष्ट्राच्या लोकजीवनात दोन निराळे प्रवाह निघाले. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या वर्धापनदिनीच, तिच्याशी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला तो हिंदु समाजाच्या विश्वासावरच उभा राहील, याची त्यांनी प्रारंभापासून काळजी घेतली. पुढे तो हिंगण्यास गेला आणि त्यातून मोठी शिक्षणसंस्था वाढली. ख्रिस्ती स्त्रीने सुरू केलेल्या कार्याचे असे हिंदु रूपांतर ही रमाबाईंच्या श्रद्धेच्या सार्वजनिक परिणामांत मोजावी लागते, जरी त्यांनी ती योजिली नव्हती.

दुसरा प्रवाह केडगावचा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. लहानपणी स्वतः भोगलेली भूक येथे कामी आली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या आणि मुक्ती सदनाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सर्व कामे स्त्रियांच्या हाती. अंध, वृद्ध आणि पतित मानलेल्या स्त्रियांसाठी निराळी व्यवस्था होती. पैकी शेवटच्यांसाठी काढलेल्या कृपा सदनात फुलमची आठवण ओळखता येते. असोसिएशनची दहा वर्षे संपल्यावर संस्थेने ख्रिस्ती रूप उघडपणे घेतले. दुर्खीम यांच्या परिभाषेत बोलायचे तर, कुटुंब व जात या दोन्हींना मुकलेल्या स्त्रियांना येथे एक नवा समुदाय लाभला. त्यांच्या मनःस्वास्थ्यात श्रद्धेचा भाग किती आणि नियमित अन्न, काम व सोबत यांचा किती, हे निवडून काढणे अशक्य आहे; बहुधा त्या स्त्रियांनाही हा भेद सुचला नसता. १९०५ मध्ये तेथे उसळलेल्या धर्मजागृतीच्या लाटेत अश्रू, सामूहिक प्रार्थना आणि अपरिचित भाषांत बोलणे असे प्रकार घडले. त्यांना केवळ उन्माद म्हणून निकालात काढणाऱ्यांनी त्या स्त्रियांचे पूर्वायुष्य जरूर आठवावे.

या श्रद्धेने रमाबाई सरकारधार्जिण्या झाल्या, हा समजही पडताळून पाहण्याजोगा आहे. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यातील स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून जाहीरपणे लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते विधान अमान्य केले; रमाबाईंनी ते मागे घेतले नाही. ज्या 'केसरी'ने चार वर्षांपूर्वी त्यांना झोडपले होते, तोही या वेळी प्लेगच्या बंदोबस्तावरच तुटून पडला होता.

नारायण वामन टिळकांशी तुलना केली असता या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे विभक्त राहून १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. धर्मांतरिताचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने सुरक्षित केला होता, परंतु माहेरची पंगत कोणताही कायदा परत देऊ शकत नव्हता. टिळकांनी ही तूट भाषेने भरून काढण्याचा प्रयत्न केला. अभंग, भजन, कीर्तन या मार्गांनी ख्रिस्ताला त्यांनी मराठी भक्तिपरंपरेच्या अंगणात आणले. रमाबाईंनी अखेरच्या वर्षांत बायबलाचे भाषांतर हिब्रू व ग्रीक शिकून केले, त्यात मात्र हिंदु तत्त्वज्ञानाची छाया असलेले शब्द त्या कटाक्षाने टाळीत आणि खेड्यातील बाईला कळेल असा साधा शब्द शोधीत. एकाला जुन्या शब्दांत नवा अर्थ भरता येईल असा विश्वास होता, दुसरीला त्या शब्दांचा अनुभवच निराळा आला होता. ज्या ग्रंथांनी स्त्रीला दूर ठेवले त्यांची परिभाषा तिने जवळ करावी, ही अपेक्षा बाळगणे अवघडच होते.

तरीही एका बाबतीत दोघांचा मार्ग सारखा वळला. रमाबाईंनी जशी कोणत्याही एका चर्चची सत्ता मानली नाही, तसेच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही मंडळी स्थापिली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिच्यात प्रवेश होता. शारदा सदनात जो प्रश्न उघड्या दारापाशी अडला होता तो येथे निराळ्या रीतीने सोडविण्याचा हा प्रयत्न होता. तो नीट रुजण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे निधन झाले.