मागील चाकांचा ताप

घाट उतरून आलेली जुनी मोटार पायथ्याशीं थांबते, मागच्या चाकाजवळ जळक्या लायनिंगचा उग्र वास येतो, आणि मालक म्हणतो, "घाटांत ब्रेक तापायचेच!" पुष्कळदां तें खरें असतें. पण पुष्कळदां नसतेंही. आणि हे दोन प्रकार निराळे कसे ओळखावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणादाखल आपण अँबॅसडर घेऊं. उत्तरपाड्याच्या कारखान्यांत तिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. परंतु हौसेनें जपलेल्या अँबॅसडर अजून रस्त्यावर दिसतात, आणि त्यांतील जुन्या गाड्यांच्या चारी चाकांना ड्रमचेच ब्रेक आहेत.

ड्रमच्या आंत दोन अर्धचंद्राकृति शू असतात. पावलाचा दाब तेलाच्या द्वारें व्हील सिलिंडरपर्यंत पोहोंचला म्हणजे ते बाहेर सरून ड्रमला घासतात. दाब गेला कीं स्प्रिंगा त्यांना आंत ओढून घेतात. या घर्षणांत गतीची उष्णता होते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. माणसांसह १४०० किलो वजनाची गाडी लोणावळ्याहून खोपोलीला, म्हणजे सुमारें ५०० मीटर खालीं, उतरते तेव्हां जी ऊर्जा मोकळी होते, तिनें वीस लिटर पाणी उकळीला येईल. खालचा गिअर असल्यास तिचा बराच वाटा इंजिन उचलतें. गाडी न्यूट्रलमध्यें सोडून पेट्रोल वाचविणारे गृहस्थ तो वाटाही ब्रेकच्याच माथीं मारतात.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाडी थांबूं लागली कीं तिचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. म्हणून थांबविण्याचें अधिक काम पुढचे ब्रेक करतात, आणि सुस्थितींतील गाडीचे पुढचे ड्रम मागच्यांपेक्षां अधिक तापतात. मागचे अधिक तापले, किंवा मागच्या दोहोंपैकीं एकच तापला, तर घाटाला दोष देऊन भागणार नाहीं.

याची उपेक्षा कां करूं नये? ड्रम तापला कीं फुगतो, शूपासून दूर जातो, आणि पेडल अधिक खोल दाबावें लागतें. लायनिंगची पकडही सुटूं लागते. त्याहून भय तेलाचें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या त्याच तेलाला १४० अंशांची सवलत आहे. तेल उकळलें कीं वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला टेकतें. जुन्या गाड्यांत चारी चाकांचा तेलमार्ग एकच. तेव्हां मागच्या चाकांतील वाफ पुढचे ब्रेकही निकामी करते.

परीक्षा अशी करावी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ब्रेकला शक्यतों न शिवतां आठ-दहा किलोमीटर जावें आणि गाडी आपोआप मंदावूं देऊन उभी करावी. चारी ड्रमांजवळ हात न्यावा, लावूं नये. दुरून उष्णता मोजणारें यंत्र असल्यास उत्तम. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतूं नये; बीड तडकण्याचा संभव असतो. ब्रेक न लावतांही ड्रम तापला, तर बहुधा शू सुटत नाहींत असें समजावें. क्वचित् चाकाचें बेअरिंग कोरडें पडलेलें असतें. पण तें घरघर करून आपली ओळख देतें.

मग गाडी सपाट जागीं घेऊन पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागचा भाग उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावा, हँडब्रेक सोडावा, न्यूट्रल करावें, पेडल एकदां दाबून सोडावें आणि चाक हातानें फिरवून पाहावें. जड फिरत असेल तर त्या चाकाचा ब्लीडिंग निपल किंचित् सैल करावा. चिळकांडी उडून चाक मोकळें झालें, तर तेलांत दाब अडकला होता. जड तें जडच राहिलें, तर दोष यांत्रिक. साऱ्या निदानाची गुरुकिल्ली हीच. तरीही अनेक कारखान्यांत ही परीक्षा टाळून थेट नवे शू बसवितात, आणि चार दिवसांत तेही जळतात!

दाब अडकला असल्यास, आणि दोन्ही मागचीं चाकें जड असल्यास, पहिला संशय होजपाइपचा घ्यावा. गाडीच्या सांगाड्यापासून मागच्या आसाकडे बहुधा एकच रबरी नळी जाते. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण आंतून सुजून पडद्यासारखी वागते. पावलाच्या जोरानें तेल आंत जातें, स्प्रिंगांच्या दुबळ्या जोरानें परत येत नाहीं. पुन्हा पेडल दाबून सोडावें आणि नळीच्या अलीकडचा, मास्टर सिलिंडरकडचा, सांधा सैल करावा. चाकें तरीही जड राहिलीं तर नळीच दोषी. तेथेंच मोकळीं झालीं तर दोष मास्टर सिलिंडरकडे. मग पुढचीं चाकेंही बहुधा धरलेलीं आढळतील. पेडलला मुळींच मोकळी चाल नसणें, किंवा कोणी शहाण्यानें ब्रेकच्या तेलांत इंजिनचें तेल ओतल्यानें रबरी वायसर फुगणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें.

दोष यांत्रिक ठरल्यास आधीं हँडब्रेकची तार सैल करावी. ती आपल्या वेष्टणांत गंजते, किंवा झिजलेले शू न जुळवतां नुसती तारच ताणलेली असते. तरीही चाक न सुटल्यास ड्रम उघडावा: जाम झालेला पिस्टन, मऊ पडलेली स्प्रिंग, फार घट्ट जुळवणी, यांपैकीं कांहींतरी सांपडेल. लायनिंग तेलकट असेल तर आसाचें ऑइल सील गळत आहे. तें न बदलतां नवें लायनिंग बसविणें व्यर्थ. जुन्या लायनिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतो. म्हणून आंतील भुकटी हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. दुरुस्ती झाल्यावर तोच आठ-दहा किलोमीटरांचा फेरा पुन्हा करावा, आणि त्यानंतरच घाटाची वाट धरावी.