कॉफीच्या डोक्यावर कुठलं झाड?

पुण्यात मी कॉफी भाजून विकते. कोडगूतल्या मळेवाल्यांकडून माल घेताना, चव पाहण्याआधीच माझा एक प्रश्न ठरलेला असतो: वर झाडं कुठली आहेत?

अरेबिका कॉफी मूळची इथिओपियाच्या जंगलातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी. ब्राझीलमध्ये ती बहुतेक ठिकाणी उघड्या उन्हात, सरळ रांगांत लावतात. पीक भरपूर येतं, तोडणी यंत्रानं होते. कोडगू आणि चिकमगळूरच्या डोंगरांत मात्र कॉफी अजून सावलीत आहे. जुन्या मळ्यात वर उंबर, फणस, शिसव, त्याखाली पांगारा, खोडांवर चढलेली मिरवेल आणि तळाशी कॉफी. पांगाऱ्याची मुळं जमिनीत नत्र धरतात. पालापाचोळा कुजून खत होतो आणि धो धो पावसात उतारावरची माती थोपवतो. कावेरी याच डोंगरांत उगम पावते, त्यामुळे इथली माती आणि पाणी हा एकट्या मळेवाल्याचा प्रश्न नाही.

ही सावली म्हणजे जंगलावरचा उपकार नव्हे, कॉफीलाच तिची गरज आहे. अरेबिकाचा मोठा वैरी म्हणजे खोड पोखरणारा भुंगेरा. त्याची मादी ऊन लागणारं खोड हुडकून सालीच्या फटीत अंडी घालते. अळी आत शिरली की झाड उपटून जाळावं लागतं. सावली विरळ झाली की हा भुंगेरा वाढतो. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीचं गणित वेगळं. तिला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत मळा पांढरा होतो, आणि तो बहर दोन-तीन दिवसच टिकतो. तेवढ्यात मधमाश्या यायला हव्यात. आग्यामाशी पोळी बांधते ती उंच झाडांवर. कोडगूत आपल्या देवरायांसारखी 1,200 च्या वर देवरकाडू आहेत. मळ्यांच्या अधेमधे उरलेली ही जंगलं मला म्हणूनच फार मोलाची वाटतात.

असं असूनही मळ्यांत सिल्व्हर ओक वाढतो आहे. हे झाड ऑस्ट्रेलियाचं. झपाट्यानं सरळ वाढतं, मिरी चढवायला सोयीचं, आणि मुख्य म्हणजे तोडून विकायला सोपं. देशी झाडाचं तसं नाही. कोडगूत ‘अनरिडीम्ड’ अशी नोंद असलेल्या जमिनींवरच्या देशी झाडांच्या लाकडावर मालकाचा पूर्ण हक्क नसतो. जे झाड राखून आपल्याला काही मिळणार नाही, त्याचं रोपटं कोण वाढू देईल? कायदा झाडं वाचवायला आहे, पण इथे तो देशी झाडांच्याच मुळावर येतो, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे.

नुसतं ‘सावलीतली कॉफी’ एवढं वाचून म्हणूनच भागत नाही. एकट्या सिल्व्हर ओकखालीही सावली असतेच. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या ‘बर्ड फ्रेंडली’ शिक्क्यासाठी सेंद्रिय शेती आणि किमान 40 टक्के सावली लागतेच, शिवाय झाडांत विविधता असावी लागते. पण लहान मळेवाल्यांना असल्या शिक्क्यांचा खर्च जड जातो. त्यांच्याकडचा माल मी झाडं विचारूनच घेते आणि पाकिटावर झाडांची नावं छापते. तो महाग पडतो. दाट सावलीत फळ कमी धरतं, आणि पावसाळ्याआधी उंच झाडांवर चढून फांद्या छाटणाऱ्या माणसांची मजुरी वेगळी. ती मी दरात धरते, आणि गिऱ्हाइकानं भाव विचारला की आधी तीच सांगते.