लष्करी छायाचित्रे : पूर्वजांची ओळख

जुन्या छायाचित्रातील सैनिकाची पलटण, हुद्दा, काळ व शक्य असल्यास नाव निश्चित करण्याची पद्धत. छायाचित्राचे तंत्र, गणवेश, पदके आणि लिखित दप्तर अशा परस्परांहून स्वतंत्र पुराव्यांचा तीत मेळ घातला जातो. गणवेशावरून पलटण व काळ कळू शकतो. नाव मात्र बहुधा कागदपत्रांवरूनच ठरते.

पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सु. १३ लाख भारतीय समुद्रापार गेले आणि सु. ७४,००० मरण पावले. मुंबई इलाख्यातील १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (सध्याचा इराक) लढल्या व कुत-अल-अमारा येथील वेढ्यात (७ डिसेंबर १९१५–२९ एप्रिल १९१६) सापडल्या. ज्यांच्या कबरी अथवा दहनस्थाने अज्ञात राहिली, त्यांच्यासाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली गेली. महाराष्ट्रातील अनेक गावांत बसविलेल्या संगमरवरी पाट्यांवरही गावातून युद्धावर किती माणसे गेली व त्यांपैकी किती कामी आली, एवढेच लिहिलेले आढळते. अशा परिस्थितीत घरातील भिंतीवरचे छायाचित्र हाच पुष्कळदा त्या माणसाचा एकमेव दृश्य अवशेष असतो. त्यावर चुकीचे नाव पडल्यास एका पूर्वजाला न घडलेला इतिहास चिकटतो आणि चित्रातील खरा सैनिक कायमचा निनावी होतो.

छायाचित्राचे तंत्र : कार्डावर चिकटविलेली सु. ६ × १० सेंमी. आकाराची लहान चित्रे १८६० च्या सुमारास लोकप्रिय झाली, सु. ११ × १६·५ सेंमी. आकाराची ‘कॅबिनेट’ चित्रे त्यानंतरची. पोस्टकार्डाच्या स्वरूपात छापलेली चित्रे विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतात. कार्डावरील स्टुडिओचे नाव व गाव नोंदून ठेवावे. चित्र कोठे घेतले, याचा तो चांगला पुरावा असतो. मागील रंगविलेला पडदा, खुर्ची वा फुलदाणी ही स्टुडिओची मालमत्ता असल्याने त्यांवरून सैनिकाचे ठाणे ठरविता येत नाही. जुन्या काचफलकांना निळा रंग अधिक, तर तांबडा फारच थोडा जाणवत असे. त्यामुळे तांबडा डगला काळसर व निळी पट्टी फिकट उमटे. धातूच्या पत्र्यावरील चित्रे आरशातल्याप्रमाणे उलटी असतात. पदके डाव्या छातीवर लावली जातात. ती उजवीकडे दिसल्यास चित्र उलटे छापले आहे काय, हे प्रथम पाहावे.

गणवेश व क्रमांक : सर्वांत मोलाचा भाग म्हणजे खांद्यावरील पितळी चिन्ह. १९०३ मध्ये लॉर्ड किचनेर यांनी केलेल्या पुनर्रचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत १०० मिळविण्यात आले, उदा., तिसरी पलटण १०३ वी, तर दहावी ११० वी झाली. १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन बनल्या. ११४ वी दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. यामुळे खांद्यावर ११० हा आकडा असल्यास चित्र १९०३–२२ या काळातील ठरते. घरातील आठवणीनुसार आजोबा १९३९ मध्ये भरती झाले असतील, तर ते चित्र त्यांचे नव्हे; कदाचित त्यांच्या वडिलांचे किंवा चुलत्यांचे असेल.

भरतीचा इतिहासही असाच उपयोगी पडतो. महारांची भरती १८९० च्या दशकात थांबविण्यात आली. पुढे पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली व ती १९२१ मध्ये मोडली. सध्याची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे स्थापन झाली. महार कुटुंबातील पायदळ-गणवेशातील चित्राचा काळ ठरविताना ही मधली अंतरे लक्षात घ्यावी लागतात.

बाहीवरील टोकदार पट्ट्या हुद्दा दाखवितात : एक पट्टी लान्स नाईक, दोन नाईक व तीन हवालदार. नाविकाच्या टोपीवरील फीतही वाचून पाहावी; मात्र युद्धकाळात गुप्ततेसाठी तीवरील जहाजाचे नाव वगळले जाई.

पदके : पहिल्या महायुद्धातील १९१४–१५ चा तारा हा ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी रणक्षेत्रात पोहोचलेल्यांना मिळे. त्याच्या मागील बाजूवर आणि ब्रिटिश युद्धपदक व विजयपदक यांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. पदक घरात टिकून असल्यास चित्र व नाव जोडणारा हा उत्तम दुवा होय. तथापि, पदके भावाभावांत वाटली जात असल्याने इतर पुराव्यांशी ते ताडून पाहावे लागते.

लिखित दप्तर : सेवापत्रके संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात, उदा., मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगाव येथे, तर बाँबे सॅपर्सची खडकी येथे. चौकशी करताना सैनिक क्रमांक अत्यावश्यक असतो, कारण एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. हा क्रमांक निवृत्तिवेतनाच्या कागदांवर, सेवामुक्तीच्या दाखल्यावर किंवा पदकाच्या कडेवर सापडतो. युद्धदैनंदिन्यांत पलटणींच्या हालचाली तपशिलाने मिळतात. साध्या शिपायांची नावे क्वचितच येतात.

वसई-विरार परिसरातील शोधात स्थलनामांची विशेष अडचण येते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणून ब्रिटिश काळातील कागदांत वसई तालुका ‘बॅसीन’ व जिल्हा ‘ठाणा’ या नावांनी शोधावा लागतो. येथील ख्रिस्ती कुटुंबांत परेरा, डिमेलो यांसारखी आडनावे असंख्य घरांत आढळतात व दप्तरात त्यांची वर्णलेखने भिन्न असतात. तेथे चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या वडिलांचे नाव आणि गाव निश्चित करण्यास उपयोगी पडतात. नालासोपारा व विरार येथे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या भागांतून येऊन स्थायिक झालेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या पूर्वजांची भरती मूळ गावाच्या नावाने नोंदलेली असते. त्यामुळे प्रथम मूळ गाव व तालुका ठरवावा लागतो.

पुराव्यांचे मूल्यमापन : चेहऱ्यातील साम्य हा सर्वांत दुबळा पुरावा होय. भाऊ, चुलते व पुतणे सारखे दिसतात. दाढी-मिशा, पागोटे व प्रकाश यांनी चेहरा बदलतो. किमान दोन स्वतंत्र पुरावे एकाच व्यक्तीकडे निर्देश करीत असतील व विरोधी पुरावा नसेल, तरच ओळख निश्चित मानावी. अन्यथा ती संभाव्य म्हणून नोंदवावी. नोंद चित्राच्या पाठीवर शाईने करू नये. प्रतिलिपीवर किंवा वेगळ्या कागदावर, माहिती कोणी व कधी सांगितली यासह ती लिहावी. मूळ चौकट उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी, कारण पुष्कळदा नाव व साल चौकटीआडच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले असते. नाव न सापडल्यास पलटण व काळ एवढीच नोंद ठेवणे श्रेयस्कर. पुढे एखादे पदक वा दाखला हाती आल्यास ती नोंद पूर्ण करता येते.