तांब्याची दर्शनी हुंडी

नाणे पाडणे हा राजाचा अधिकार, असे आपण धरून चालतो. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस तांब्यापुरता तो अधिकार पडून होता. लंडनच्या टाकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणे थांबवले होते. गिरण्या-खाणींत मजुरी वाटायला मोड नव्हती. बाजारातले पुष्कळसे अर्धपेनी खोटे होते, आणि खोटे नाणे शेवटी अडते ते मजुराच्याच हातात.

१७८७ मध्ये वेल्समधील अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने (फ्रान्सच्या पॅरिसशी हिचा संबंध नाही) खाणीतल्या तांब्याची स्वतःची पेनी काढली. एका बाजूस ओकच्या पानांच्या वेढ्यात ड्रुइड पुरोहिताचे मस्तक, दुसरीवर कंपनीची आद्याक्षरे. खरी गंमत मजकुरात आहे. धारकास एक पेनी देण्याचे वचन, आणि लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे मागताक्षणी ते पाळण्याची कडेवर कोरलेली ग्वाही! आपल्या पेढीवाल्यांच्या भाषेत ही दर्शनी हुंडीच. पेढीची पत असेपर्यंत ती चालायची. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तर टोकनावर स्वतःचाच चेहरा छापला.

अशी टोकने पाडून देणाऱ्या मॅथ्यू बोल्टनलाच सरकारने १७९७ मध्ये तांब्याच्या पेनीचे कंत्राट दिले. १८१७ च्या कायद्याने खाजगी टोकनांवर बंदी आली.

याच बोल्टनच्या बर्मिंगहॅमजवळील सोहो टाकसाळीत १७९१ ची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी पाडली गेली. त्यांवर तराजू आहे, पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘आदिल’, म्हणजे न्यायी, असा शब्द आहे. धारकाला दिलेले वचन मात्र नाही.