विद्यावेतन आहे, विद्येचे काय?

‘उमेदवारी करणे’ हा मराठीतील जुना वाक्प्रचार आहे. इंग्रजी अमदानीत कित्येक तरुण सरकारी कचेऱ्यांत बिनपगारी राबत. एखादी जागा रिकामी होईल या आशेवर ते नकला उतरवीत बसत. उमेद म्हणजे आशा, आणि त्या आशेचा खर्च उमेदवाराच्या घरच्यांनी सोसावा, असा रिवाजच होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तो कारखान्यांपुरता तरी मोडला. लेखी करार, दरमहा विद्यावेतन आणि प्रशिक्षणाच्या अखेरीस परीक्षा ही त्या कायद्याची मुख्य सूत्रे होत.

विद्यावेतनाचा काही भार सरकारी तिजोरीने उचलावा, हे धोरण पुढे अधिक विस्तारले. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपये, सरकारने द्यावा असे तीत ठरले. २०२० पर्यंत ५० लाख उमेदवार घडविण्याचे उद्दिष्ट होते. ते गाठता आले नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. ती १९६१ च्या कायद्याखालील नव्हे. पण तीत सहा महिन्यांसाठी शिक्षणानुसार ६, ८ आणि १० हजार रुपयांचे संपूर्ण विद्यावेतन राज्य सरकारनेच देऊ केले.

हा खर्च मुळातच अनाठायी आहे, असे म्हणता येणार नाही. छोट्या कारखानदाराने एखाद्या मुलाला दोन वर्षे जोडारीचे वा कातारीचे काम शिकवावे आणि त्याने चार पैसे अधिक मिळताच शेजारच्या कारखान्याची वाट धरावी, असे नेहमीच घडते. शिकविण्याचा खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती असल्यावर कोणीच शिकवीत नाही. कसब ही साऱ्या समाजाची मिळकत असल्याने तिच्यासाठी समाजाने पैसा घालणे रास्तच होय.

परंतु हा पैसा नेमका कशासाठी दिला जातो? तो मिळतो प्रामुख्याने हजेरीसाठी. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. म्हणूनच कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्याला नाही आणि त्याला पुढे नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. तो शिकत आहे, हेच या सवलतींचे एकमेव समर्थन होय. शिकविणेच होत नसेल, तर उरतो तो केवळ स्वस्त मजूर, आणि त्याच्या मजुरीचा काही भाग करदाता भरतो. २०२३ पासून केंद्राचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. त्याने मधली गळती थांबेल. यंत्रावर हात बसेल असे नाही.

राज्याच्या योजनेतही हेच दिसले. अनेक तरुण शाळांत आणि सरकारी कार्यालयांत नेमले गेले. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली, आणि पुढे कायम करा अशी मागणी घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्यांचा दोष तो कोणता? नित्याचे काम करून घेतल्यावर माणूस नोकरीच मागणार. हाती बाजारात किंमत असलेले कसब आले असते, तर त्याला एकाच दाराशी उभे राहावे लागले नसते.

तेव्हा अनुदानाचा रोख बदलला पाहिजे. सरकारी रकमेचा एक भाग, उमेदवाराच्या विद्यावेतनाला हात न लावता, आस्थापनेसाठी राखून ठेवावा आणि उमेदवार परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच तिला द्यावा. ज्या लहान कारखान्यांना स्वतंत्र निदेशक परवडत नाही, अशा आठ-दहा कारखान्यांना मिळून एक निदेशक सरकारी खर्चाने द्यावा. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे त्याची देखरेख सोपवावी. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवण्याचे कायद्यातील कलम कागदावर न राहता तपासणीचा आधार बनावे.

किती उमेदवार नेमले, हा आकडा विधिमंडळात सांगण्यास सोयीचा असतो. किती उमेदवार कसबी होऊन बाहेर पडले, हा आकडा मागण्याचा अधिकार करदात्याला आहे, आणि उमेदीची दोन वर्षे देणाऱ्या तरुणाला तर तो सर्वांत आधी आहे.