पाकिटात मावणारं लग्न

अमेरिकेत एम.एस. करायला गेलेल्या मराठी मुलीनं तिथल्या एखाद्या नागरिकाशी लग्न केलं, की कायद्याच्या दृष्टीनं तिची रांगच बदलते. नोकरीच्या मार्गानं ग्रीन कार्ड मागणारे भारतीय वर्षानुवर्षं ताटकळतात, कारण त्या वर्गात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारण सात टक्केच व्हिसा येतात. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला ही मर्यादा लागू नाही. कायदा त्यांना ‘निकटचे नातलग’ मानतो आणि वर्षाला अशा किती जणांना कार्ड द्यायचं याचा आकडा ठरलेला नाही. त्यांना सामोरं जावं लागतं ते कागदांना. मला या कागदांचं मनापासून नवल वाटतं, कारण त्यांतल्या कितीतरी प्रश्नांच्या मागे एखादा जुना कायदा किंवा एखादा गाजलेला खटला उभा आहे.

मुख्य अर्ज दोन. ‘आय-१३०’ नागरिक जोडीदार भरतो. हिच्याशी माझं नातं आहे, एवढंच तो सरकारला सांगत असतो. ‘आय-४८५’ विद्यार्थिनीचा स्वतःचा. देश न सोडता मला कायमचं रहिवासी करा, अशी ती विनंती. त्याला जोडून आर्थिक हमीचा ‘आय-८६४’, वैद्यकीय तपासणीचा ‘आय-६९३’, कामाच्या परवान्याचा ‘आय-७६५’ आणि प्रवासाच्या परवानगीचा ‘आय-१३१’. मुलगी कायदेशीर मार्गानं देशात आलेली असल्यामुळे हा सगळा गठ्ठा एकाच पाकिटातून पाठवता येतो. एप्रिल २०२४ पासून कागदी ‘आय-१३०’ची फी ६७५ डॉलर आणि ‘आय-४८५’ची १,४४० डॉलर झाली. फी अधूनमधून बदलते, तेव्हा भरण्याआधी ताजा आकडा बघून घ्यावा.

‘आय-१३०’च्या मधल्या पानांवर एक चौकट आहे, ती मला फार आवडते. जोडीदाराच्या मातृभाषेची लिपी रोमन नसेल, तर त्याचं नाव आणि परदेशातला पत्ता त्या लिपीत लिहा, असं तिथे सांगितलेलं असतं. म्हणजे अमेरिकन सरकारच्या अर्जावर ‘मु. पो.’पासून ‘जि. सातारा’पर्यंतचा पत्ता चक्क देवनागरीत लिहायचा.

मराठी मुलांची खरी अडचण होते ती जन्मदाखल्यापाशी. बाळाची नोंद दवाखान्यातून नगरपालिकेत लगेच जाते आणि नाव ठेवलं जातं बाराव्या दिवशी, बारशाला. नंतर नाव नोंदवायला कोणी फिरकत नाही. त्यामुळे कित्येक दाखल्यांवर आईवडिलांची नावं असतात, तारीख असते, बाळाच्या नावाची जागा मात्र कोरी. शाळा, दहावी, पासपोर्ट, सगळं पार पडतं आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती कोरी जागा अचानक महत्त्वाची होते. मग गावाकडे बाबा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात हेलपाटे घालतात. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतरकारानं ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही करायची असते. त्यासाठी नोटरीच हवा, असं नियमात कुठेही नाही.

पत्ते आणि नोकऱ्या मागच्या पाच वर्षांच्या, महिन्यानिशी आणि मध्ये खंड न ठेवता लिहायच्या. दर सेमिस्टरला रूममेट आणि घर बदलणाऱ्या मुलांना इथे जुने भाडेकरार आणि ईमेल उकरावे लागतात.

‘आय-४८५’मध्ये पुढे हो-नाहीच्या प्रश्नांची लांबच लांब माळ येते. बहुपत्नीत्व करण्याचा विचार आहे का, हा प्रश्न वाचून नवी जोडपी बुचकळ्यात पडतात. त्याचं मूळ १८९१ च्या कायद्यात आहे. बहुपत्नीकांना देशात घ्यायचं नाही असं तेव्हा ठरलं. कम्युनिस्ट किंवा अन्य एकाधिकारशाही पक्षाचं सदस्यत्व विचारलं जातं, ते शीतयुद्ध ऐन भरात असताना झालेल्या १९५० आणि १९५२ च्या कायद्यांमुळे. नाझी राजवटीच्या छळात सहभागी असलेल्यांना १९७८ च्या दुरुस्तीनं दार बंद केलं. त्या कलमात २३ मार्च १९३३ ते ८ मे १९४५ हा कालखंड तारखांनिशी लिहिलेला आहे: हिटलरला सर्वाधिकार मिळाले त्या दिवसापासून जर्मनीच्या शरणागतीपर्यंत. २००० साली जन्मलेल्या मुलीलाही या कलमाच्या चाळणीतून जावं लागतं.

‘सरकारवर भार होणार नाही ना’ ही शंका तर १८८२ सालची. तिचं आजचं रूप म्हणजे ‘आय-८६४’. नागरिक जोडीदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट असावं लागतं. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे दोघांच्या घराला वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर. तोही विद्यार्थीच असेल तर तेवढी कमाई कुठून आणणार? मग बहुतेक वेळा सासरे सहहमीदार म्हणून सही करतात. ही सही साधी समजू नये. १९९६ च्या कायद्यानं तिला कराराचं बळ दिलं आहे. सून नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत हमी टिकते, आणि घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही.

वैद्यकीय तपासणी सरकारनं नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, आणि अहवाल बंद पाकिटात मिळतो. ते पाकीट आपण फोडायचं नाही. आपल्याकडे जन्मतः बीसीजीची लस देतात. त्यामुळे क्षयाची त्वचेवरची जुनी चाचणी आपल्या मुलांच्या बाबतीत फसवी निघायची. आता रक्ताची चाचणी होते आणि बीसीजीमुळे ती चुकत नाही.

विद्यार्थ्याच्या वाटेत एक नाजूक वळण आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या खिडकीवर ‘शिकून परत येणार’ असं सांगितल्यावरच विद्यार्थी व्हिसा मिळालेला असतो. तिथे गेल्यावर प्रेमात पडणं हा काही गुन्हा नाही. प्रवेश करताना मनात काय होतं, हा मुद्दा असतो. म्हणूनच उतरल्यापासून नव्वद दिवसांच्या आत लग्न करून तिथेच राहू लागणाऱ्यांकडे परराष्ट्र खातं संशयानं पाहतं. जे-१ व्हिसावरच्या काहींना तर आधी दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती त्यांनी आधीच तपासावी. सगळ्यांत जिव्हारी लागतो तो प्रवासाचा नियम. अर्ज प्रलंबित असताना ‘आय-१३१’ची परवानगी हातात नसताना विद्यार्थिनी देशाबाहेर गेली, तर ‘आय-४८५’ सोडून दिला असं धरतात. इकडे आजी अत्यवस्थ असली तरीही.

लग्न खरं आहे हे सिद्ध कसं करायचं? काउंटीचा विवाह दाखला कायद्याचं काम करतो. त्याच्या जोडीला दोघांच्या नावावरचा भाडेकरार, सामायिक बँक खातं, एकत्र भरलेला कर, विम्याचा वारस. पुण्यात वाजतगाजत झालेल्या दुसऱ्या लग्नाचे फोटोही लावतात; अंतरपाट धरलेला एक फोटो पुरे, तीनशे नकोत. १९७५ साली बार्क नावाच्या कोरियन विद्यार्थ्याच्या खटल्यात न्यायालयानं कसोटी घालून दिली: लग्नाच्या वेळी दोघांचा एकत्र संसार करण्याचा इरादा होता का? पुढे पटलं नाही, वेगळे राहिले, एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. शंका आलीच तर दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात: सकाळी आधी कोण उठतं, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं. अशा मुलाखतींना न्यूयॉर्कमधल्या स्टोक्स खटल्याचं नाव चिकटलं आहे. बनावट लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

याच ‘आय-१३०’ची एक कहाणी सांगितलीच पाहिजे. १९७५ साली कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये रिचर्ड अ‍ॅडम्स या अमेरिकन नागरिकानं अँथनी सलिव्हन या ऑस्ट्रेलियन पुरुषाशी लग्न केलं आणि हा अर्ज भरला. सरकारनं तो अपमानकारक शब्दांत फेटाळला. १९८२ मध्ये ते अपिलातही हरले. अ‍ॅडम्स २०१२ साली वारले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या विंडसर निकालानं समलिंगी विवाहांना केंद्राची मान्यता मिळाली, आणि २०१६ मध्ये सलिव्हन यांच्या हाती ग्रीन कार्ड पडलं.

कार्ड मंजूर होताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसली तर मिळतं ते दोनच वर्षांचं, सशर्त. १९८६ च्या कायद्याची ही अट. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ भरायचा आणि संसाराचे पुरावे पुन्हा द्यायचे. कार्डाचा रंग म्हणाल तर १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो हिरवा होता, १९६४ मध्ये फिकट निळा झाला, मग आणखी बदलला आणि २०१० मध्ये पुन्हा हिरवा झाला. नाव मात्र कायम ‘ग्रीन’च राहिलं.

या सगळ्या कागदांची मिळून एक संचिका होते, तिला ‘ए-फाइल’ म्हणतात. मिसुरी राज्यात लीज समिट इथे चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली, अशा लक्षावधी संचिका ठेवलेल्या आहेत. २००९ च्या करारानं त्या कायमच्या जतन करायचं ठरलं. माणसाच्या जन्माला शंभर वर्षं उलटली की त्याची संचिका राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाते आणि अभ्यासकांना पाहता येते.

नागरिक जोडीदाराबरोबर संसार चालू असेल तर पाचऐवजी तीनच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तेव्हाचा अधिकारी हीच संचिका समोर ठेवून उत्तरं ताडून पाहतो. म्हणून पाकीट टपालात टाकण्यापूर्वी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याची प्रत काढून घरी ठेवा. आणि घरात कोणी बारावीनंतर बाहेर जायच्या तयारीत असेल, तर त्याच्या जन्मदाखल्यावर नाव आहे का, ते याच आठवड्यात बघून घ्या.